मूळ गाव : चौकशी चालू आहे

२४ जुलैला माझा आतेभाऊ चक्क संध्याकाळी सहाला घरी असतो. एरवी हिंजवडीतून त्याची सुटका रात्री साडेदहाच्या कॉलनंतरच होते. पण त्याचा क्लायंट आहे अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीचा, आणि तिकडे त्या दिवशी ‘पायोनियर डे’ची सरकारी सुट्टी असते. १८४७ साली याच तारखेला ब्रिगम यंग हा मॉर्मन पंथाचा पुढारी आपल्या लोकांना घेऊन त्या ओसाड खोऱ्यात पोचला आणि तिथेच मुक्काम ठोकला, त्याची ही सुट्टी.

गेल्या वर्षी सुट्टीच्या आदल्या दिवशी, कॉल संपता संपता, तिकडच्या मॅनेजरबाई खुशीत होत्या. त्यांनी आपल्या खापरपणजीची गोष्ट सांगितली. ती इंग्लंडहून जहाजाने आली आणि आयोवापासून पुढे दोन हजार किलोमीटर हातगाडी ओढत चालत गेली. हातगाडीच, बरं का! आपल्या भाजीवाल्यांच्या गाडीला चार चाकं असतात, त्या गाडीला दोनच. बैल आणि मोठी गाडी परवडत नव्हती म्हणून १८५६ ते १८६० या काळात जवळजवळ तीन हजार मॉर्मन असे गेले. पहिल्याच वर्षी दोन तुकड्या उशिरा निघाल्या, बर्फात अडकल्या आणि दोनशेहून जास्त माणसं वाटेतच गेली. बाईंना खापरपणजीच्या जहाजाचं नाव माहीत, तुकडीचं नाव माहीत, वाटेत दगावलेल्या तान्ह्या बाळाचं वय माहीत. मग त्यांनी सहज विचारलं, ‘आणि तुमचे लोक कुठले?’

‘सोलापूर,’ भाऊ म्हणाला.

‘त्याच्या आधी?’

भावाने कॉल म्यूट केला आणि मला मेसेज टाकला. ‘आपण कुठून आलो गं?’ मी लिहिलं, ‘तेलंगणातून.’ त्याने लिहिलं, ‘तेलंगणात कुठून?’

आता मी पेशाने पत्रकार. मास कॉमची डिग्री आहे, लोकांच्या मुलाखती घेऊन पोट भरते. हॉटेलवाल्यांचं, बिल्डरांचं, रिॲलिटी शोमधल्या पोरांचं कूळ आणि मूळ मला तोंडपाठ. म्हटलं, चला, एकदा घरचीच स्टोरी करू.

आमच्या घरचा पायोनियर

सोलापूरचा पूर्व भाग तुम्हाला माहीत नसेल तर थोडं सांगते. साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ, कन्ना चौक, अशोक चौक. इथे रिक्षावाल्याशी मराठीत बोला, तो शेजारच्याशी तेलुगूत बोलेल आणि फोनवर कन्नडमध्ये. इथले आम्ही पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर. निजामाच्या तेलंगणातून पिढ्यान् पिढ्या माणसं इथे येत राहिली. १८६० मध्ये सोलापूरला रेल्वे आली, १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली, आणि गिरण्यांच्या सावलीत हातमागाचे शेकडो कारखाने उभे राहिले. ‘कारखाना’ म्हणजे डोळ्यांसमोर चिमणीबिमणी आणू नका. एका लांबट खोलीत सहा-आठ माग, की झाला कारखाना. मालक तो कारखानदार.

इथल्या प्रत्येक घरात एक मूळपुरुष असतो आणि त्याची गोष्ट साधारण सारखीच असते. आमचीही तशीच. पणजोबा, तेलुगूत ‘मुत्तात’, खांद्यावर माग घेऊन तेलंगणातून सोलापूरला चालत आले. खिशात चार आणे. कष्ट केले, कर्ज न काढता स्वतःचा कारखाना टाकला. दर दिवाळीला काका ही गोष्ट सांगतात आणि शेवटी आम्हा पोरांकडे अशा नजरेने बघतात, की झोमॅटोवरून मागवलेली बिर्याणी घशात अडकते.

पणजोबांचा फोटो बैठकीत आहे. फेटा, मिशा, हार. पणजीचा फोटो नाही.

गोष्ट नीट विचारायची तर एकच माणूस उरलं होतं. माझी नायनम्मा, म्हणजे वडिलांची आई. वय सत्त्याऐंशीच्या आसपास. तिला सन विचारून उपयोग नाही, ते पहिल्या पाच मिनिटांत कळलं. तिचं कॅलेंडर वेगळं. ‘मार्शल लॉच्या आधी’, ‘रझाकाराच्या वेळेला’, ‘तुझा बाप पोटात असताना’. सोलापुरात मार्शल लॉ लागला मे १९३०मध्ये. त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत इंग्रजी अंमल शहरातून जवळपास पुसला गेला होता, आणि पुढे जानेवारी १९३१मध्ये चार जणांना येरवड्याला फाशी दिलं. जुन्या सोलापूरकरांची निम्मी घराणी या एका खुंटीला तारखा बांधतात. ‘आमचे मामा मार्शल लॉच्या आधी दहा वर्षं आले,’ नायनम्मा म्हणाली. मामा म्हणजे तिचे सासरे. म्हणजे १९२०च्या आसपास. ते पडलेल्या पावसाचे आणि महागाईचे दिवस होते, त्यातच १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ होऊन गेली होती. हिशेब जुळत होता.

‘चालत आले ना?’ मी रेकॉर्डर पुढे सरकवला.

‘कुठलं चालत? हैदराबादपर्यंत बैलगाडी. मग रेल्वेनं आले की! वाडीला गाडी बदलली. रातभर फलाटावर झोपले.’

खांद्यावरचा माग

इथून पुढे काकांची गोष्ट एकेक टाका उसवत गेली.

पहिली गोष्ट म्हणजे माग खांद्यावर येत नाही. आमच्याकडे होता तो खड्डामाग. जमिनीत कमरेइतका खड्डा खणायचा, विणणारा त्याच्या काठावर बसून पाय आत सोडणार, पावड्या खाली खड्ड्यात, आणि मागाचे खांब जमिनीत रोवलेले. म्हणजे निम्मा माग म्हणजे जमीनच. ती कशी उचलणार? पणजोबांनी आणल्या फक्त दोन वस्तू, एक फणी आणि एक धोटा. फणीतून ताण्याचे शेकडो धागे ओवलेले असतात, आणि धोटा बाण्याचा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो. दोन्ही गाठोड्यात मावतात. खरं तर मला ही गोष्ट जास्त आवडली. लॅपटॉप घेऊन बंगळुरूला जाणाऱ्या माझ्या मित्रांसारखी. ऑफिस तिकडे मिळतं, आपलं काय ते सॅकमध्ये.

दुसरी गोष्ट म्हणजे ते एकटे आले नव्हते. येऊच शकत नव्हते. हातमागावर एक माणूस बसलेला दिसतो, पण त्याला बसवायला मागे दोन-तीन माणसं राबत असतात. सूत उकलायचं, चरख्यावर कांड्या भरायच्या, ताणा लावायचा, गल्लीभर ताणलेल्या सुताला खळ लावून कुंच्याने सारखी करायची. यातली बरीच कामं बायका आणि पोरं करत. मजुरी मात्र मोजली जाई लुगड्यावर, आणि ती मागावर बसलेल्याच्या हातात पडे. कांड्यांचा वेगळा हिशेब नसे. बायको नसलेला विणकर कारखानदाराला परवडतच नसे. वीस वर्षांच्या पणजोबांबरोबर सोळा-सतरा वर्षांची पणजी होती, आणि तिच्या कडेवर एक मुलगी. ती मुलगी सोलापुरात पहिला पावसाळा काढू शकली नाही. हे नायनम्माने सांगितलं तेव्हा घरातल्या कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या वडिलांनाही. मला एकदम त्या मॅनेजरबाई आठवल्या. त्यांच्या कागदांत ते बाळ दीडशे वर्षांहून जास्त काळ टिकलं होतं.

तिसरी गोष्ट कर्जाची. सोलापुरात आलेल्या नव्या विणकराला कारखानदार उचल द्यायचा. रेल्वेचं भाडं, पहिल्या महिन्याचं धान्य, पुढे लग्न-बाळंतपण. ती फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात जाता येत नसे. कुटुंब कारखान्यातच राहायचं. दिवसा माग, रात्री त्याच मागांच्या मधल्या जागेत अंथरूण. आमच्या पणजोबांची उचल फिटायला चौदा वर्षं लागली, असं नायनम्माला तिच्या सासूने सांगितलेलं. चौदा वर्षं! आपण दोन वर्षांचा बॉण्ड भरून घेणाऱ्या कंपन्यांना शिव्या घालतो.

तरी लोक का येत होते? कारण मागे होतं ते यापेक्षा वाईट होतं. तेलंगणात ‘वेट्टी’ होती. देशमुखांच्या घरी फुकट राबायचं, आणि विणकराने त्यांना कापडही द्यायचं. सोलापुरात निदान उचल वहीत लिहिलेली असे आणि वही कधीतरी संपत असे.

कागद कुणाकडे असतो

मॉर्मन लोकांना आपल्या पूर्वजांची इतकी खडान् खडा माहिती कशी, हे मी नंतर वाचलं. त्यांच्या श्रद्धेनुसार मेलेल्या पूर्वजांच्या नावाने हयात वंशज बाप्तिस्मा घेऊ शकतात. त्यासाठी नाव हवं, नेमकं हवं. मग त्यांनी जगभरची नोंदपुस्तकं मायक्रोफिल्मवर उतरवायला घेतली. सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून त्या फिल्म ठेवल्यात. १९७७पासून त्यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा टिपल्या. म्हणजे उत्तरेतल्या एखाद्या शर्माजींना आपली सातवी पिढी युटात सापडू शकते. (जाता जाता, १८५०च्या दशकात ह्यू फिंडले नावाचा एक मॉर्मन प्रचारक चक्क पुण्यातही येऊन गेला होता. छावणीच्या आसपास त्याने थोडीफार माणसं जमवली. पुणेकरांनी काय म्हटलं असेल याची कल्पना करून बघा.)

आमच्यासारख्यांचं काय? आमच्याकडे वह्या नव्हत्या, चित्रं होती. तेलंगणात कुनपुली नावाचे कथेकरी आहेत. ते पद्मशालींच्या वस्तीवर यायचे, चेरियालच्या चित्रकारांनी रंगवलेला लांबच लांब कापडी पट उलगडायचे आणि मार्कंडेयाची, त्याचा मुलगा भावनाऋषीची, त्याच्या १०१ मुलांची आणि त्यांच्यापासून झालेल्या १०१ गोत्रांची कथा सांगायचे. सुंदर प्रकार आहे. पण त्यात तुम्ही थेट देवांसाठी कमळाच्या देठाचं वस्त्र विणणाऱ्या ऋषीपर्यंत पोचता, मधला पणजोबा गायब. सोलापुरात नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, सगळा पूर्व भाग रस्त्यावर असतो. तिथेही ऋषी भेटतो, माणूस नाही.

माणसासाठी लक्ष्मीनारायण बोल्लींचं ‘एका साळियाने’ वाचा. सोलापूरच्याच या तेलुगूभाषक मराठी लेखकाचं आत्मकथन. आमच्या घरात ते होतं, आणि कुणी वाचलेलं नव्हतं. हे सोलापूरच काय, सगळ्याच घरांत होतं म्हणा.

पुढचं पूर्व भागाला चांगलं माहीत आहे. स्वातंत्र्यानंतर हातमाग जाऊन यंत्रमाग आले, जकार्डवर मोर नाचू लागले, सोलापुरी चादर देशभर पोचली. २००५-०६ मध्ये चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं. एकेकाळी मजूर म्हणून आलेल्या समाजाने शाळा, कॉलेजं, हॉस्पिटल काढलं, आणि १९८० ते १९९६ अशा सलग पाच लोकसभा निवडणुकांत सोलापूरचा खासदार पद्मशाली होता : गंगाधर कुचन दोनदा, धर्मण्णा सादूल दोनदा, मग लिंगराज वल्याळ.

यंत्रमाग आले, तेव्हा त्या कांड्या भरणाऱ्या बायकांचं काय झालं, हे या यशोगाथेत सहसा येत नाही. त्या बिड्यांकडे वळल्या. नायनम्माने पंचेचाळीस वर्षं बिड्या वळल्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, तेंदूपान कात्रीने कापायचं, भरायचं, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. खराब निघालेल्या बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला, त्याचे पैसे नाहीत. तिच्याकडे बिडी कामगाराचं फोटोवालं ओळखपत्र आहे. आमच्या घरातल्या बाईच्या नावाचा हा पहिला सरकारी कागद. आजोबांचा कारखाना दोनदा बसला, तेव्हा चूल या कार्डावर चालली. माझ्या आत्यालाही त्याच कामातून कुंभारीत घर मिळालं, नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत. बिडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरं. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग स्वतः आले होते. हिंजवडीतला आतेभाऊ त्याच घरात दहावी झाला. त्याच्या सीव्हीवर हे कुठेच नाही.

घागर

मी हे सगळं घाईने विचारत होते, त्याला कारण होतं. भद्रावती पेठेतलं घर विकायचं ठरलंय. खाली कारखाना, वर राहायला. शेवटचे चार यंत्रमाग आधीच किलोवर गेले. कोपऱ्यात जुना खड्डा होता, त्यावर फरशी टाकून इतकी वर्षं सुताची पोती ठेवलेली. काकांनी ‘मोडीत काढायचं सामान’ अशी यादी केली होती, त्यात अकराव्या नंबरवर होतं : ‘पितळी घागर, एक, चेपलेली.’

नायनम्माने यादी ऐकली आणि म्हणाली, ‘ते घागर देऊ नका. ते कांड्याच्या पैशाचं आहे.’

कांड्याचे पैसे मिळत नसत ना? घरच्या मागाचे नसत. पण पणजी रात्री, आपलं काम उरकल्यावर, दुसऱ्या कारखान्याच्या कांड्या भरून द्यायची. त्याचे पैसे तिच्या हातात यायचे. त्यातून तिने ही घागर घेतली. पुढे ती दोनदा गहाण पडली. एकदा आजोबांच्या आजारपणात, आणि एकदा पणजोबांनी स्वतःचा पहिला माग घेतला तेव्हा. घागरीबरोबर पणजीच्या गळ्यातलंही गेलं. घागर परत आली.

काका हे ऐकत उभे होते. ‘कर्ज न काढता’ हे त्यांचं लाडकं वाक्य. ते काहीच बोलले नाहीत, यादी घेतली आणि अकरा नंबरवर काट मारली.

घागरीच्या गळ्याखाली ठोकून काढलेली अक्षरं आहेत, टिंबा-टिंबांची. तेलुगू लिपीत. आम्ही घरी तेलुगू बोलतो, पण वाचता माझ्या बापालाही येत नाही, आम्ही सगळे मराठी शाळेतले. मोबाइलच्या ॲपला ती टिंबं झेपली नाहीत. शेवटी गल्लीतल्या निवृत्त तेलुगू शिक्षकांना बोलावलं. त्यांनी घागर उन्हात धरली, बोटाने अक्षरं चाचपत वाचली. पणजीचं नाव, पुढे ‘शोलापूर’, आणि इंग्रजी आकड्यांत १९३६. पणजोबांचं नाव त्यावर नाही.

नायनम्मा अठरा-वीस वर्षं त्या सासूच्या हाताखाली राहिली, पण तिने तिला ‘अत्तम्मा’शिवाय हाक मारलेली नव्हती. सासूचं नाव घ्यायचं नसतं. वडिलांना आजी ‘अव्वा’. त्यामुळे ते नाव आमच्या घरात किती वर्षांनी उच्चारलं गेलं, देव जाणे. मी ते इथे छापत नाहीये. अजून सगळ्या आत्यांना सांगून व्हायचंय.

राहिलं गाव. त्याची खूणही नायनम्माकडेच निघाली. घरात कुणाला बरं नसलं की ती ‘राजन्ना’ म्हणते. राजन्ना म्हणजे वेमुलवाड्याचा राजराजेश्वर. नवस फेडायला तिथे गोऱ्हा नेऊन बांधतात. वेमुलवाड्यापासून जवळच, मानेर नदीकाठी, सिरसिल्ला हे विणकरांचं मोठं गाव. पणजी म्हणे ‘देवळापासून एका दिवसाच्या आत चालत’ राहायची. तेव्हा तो निजामाचा मुलूख होता. १९५६ मध्ये ते गाव आंध्र प्रदेशात गेलं, २०१४ मध्ये तेलंगणात आणि २०१६ मध्ये करीमनगर जिल्हा फोडून राजन्ना सिरसिल्ला नावाचा जिल्हा झाला. पणजीच्या देवाचं नाव आता जिल्ह्याच्या पाटीवर आहे.

मी बतुकम्माच्या दिवसांत तिथे जाऊन आले. हैदराबादहून बस. सिरसिल्ल्याच्या गल्लीत शिरले आणि पावलं थबकली. तोच खडखडाट, तोच सुताचा वास, दारातून डोकावणारे तेच यंत्रमाग. जे लोक गेले नाहीत, त्यांचं इथे फार बरं चाललेलं नाही. २०००च्या दशकात हे गाव विणकरांच्या आत्महत्यांमुळे पेपरात यायचं. २०१७पासून राज्य सरकारने बतुकम्माच्या लाखो साड्यांचं काम इथे दिलं, त्यावर काही वर्षं माग धडधडले.

एका दुकानात चादरींची चळत होती. भाव विचारला. दुकानदार म्हणाला, ‘शोलापूर दुप्पटी’. मी सांगितलं, मी शोलापूरचीच. तो हसला. म्हणाला, इथे ज्याला विचाराल त्याचं कुणीतरी शोलापूरला गेलेलंच असतं. तुमचं घराचं नाव काय? मी आडनाव सांगितलं. त्याने शेजारच्या दुकानात हाक मारली, तिथून कुणीतरी तिसऱ्याला फोन लावला. त्या आडनावाची चार घरं तीन वेगवेगळ्या खेड्यांत निघाली. एका म्हाताऱ्याला आठवत होतं, त्याच्या आजोबांचा धाकटा भाऊ बायको आणि लहान मुलगी घेऊन गेला आणि परत आला नाही.

मुलीचं नाव काय, मी विचारलं. तो म्हणाला, बहिणीला विचारून सांगतो, ती वेमुलवाड्याला असते, फोन उचलत नाही, संध्याकाळी सातनंतर लावा.